ससा खात नसेल तर: भूक मंदावण्याची कारणे, ओळख आणि पहिले बारा तास

शनिवारी संध्याकाळी टाकलेला घास रविवारी सकाळी पिंजऱ्यात तसाच पडलेला दिसतो. ससा कोपऱ्यात अंग आखडून बसलेला असतो. घरात चर्चा होते, 'उन्हाने असेल, भूक लागली की खाईल.' सोमवारी दवाखाना उघडेपर्यंत ससा गार पडलेला असतो. मग सगळे म्हणतात, ससा फार नाजूक जनावर, काही कळायच्या आत मरतो. खरे तर शनिवारी संध्याकाळीच कळले होते, पण त्याकडे कोणी आजार म्हणून पाहिले नाही.

गायीने किंवा शेळीने एक वेळचा चारा सोडला तर आपण थोडी वाट पाहतो आणि बहुतेक वेळा ते चालूनही जाते. सशाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. मोठ्या सशाने सलग १२ तास काहीच खाल्ले नाही, किंवा त्याच्या लेंड्या थांबल्या, तर ती तातडीची बाब समजावी. २४ तास उलटल्यानंतर उपचार सुरू केले तर ससा वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत ससे दोन प्रकारे पाळले जातात. कऱ्हाड, इस्लामपूर, मिरज, विटा अशा गावांत मुलांच्या हौसेखातर आठवडी बाजारातून आणलेली पांढऱ्या सशांची एखादी जोडी असते. काही शेतकऱ्यांकडे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट यांसारख्या जातींचे पाच-पन्नास ससे पिंजऱ्यात असतात. पहिल्याकडे एक ससा मरतो, दुसऱ्याकडे आठवड्यात निम्मा कळप बसतो. दोन्हीकडे पहिले लक्षण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे खाणे कमी होणे.

सशाचे पोट थांबत का नाही, आणि थांबले तर काय होते

ससा गवत खातो, पण रवंथ करत नाही. त्याचे पोट एकच कप्प्याचे असते आणि चाऱ्याचे खरे आंबवणे मागच्या बाजूच्या मोठ्या आंधळ्या आतड्यात होते. मोठ्या आतड्यात चाऱ्याची वाटणी होते. जाड, चोथ्यासारखे तंतू पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या पडतात. बारीक, पौष्टिक भाग मागे आंधळ्या आतड्यात जातो, तिथे जिवाणू त्यावर काम करतात, आणि त्याच्या मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या तयार होतात. या मऊ लेंड्या ससा बहुधा रात्री किंवा पहाटे थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. काही जण हे पाहून घाबरतात, पण ही विकृती नाही. ब जीवनसत्त्वे आणि प्रथिनांचा काही भाग सशाला त्यातूनच मिळतो. उलट या मऊ लेंड्या पिंजऱ्यात पडून राहू लागल्या किंवा मागच्या पायांना चिकटू लागल्या, तर काहीतरी बिघडते आहे असे समजावे.

हे सगळे यंत्र जाड तंतूंवर चालते. तंतू आतड्याला ढकलत ठेवतात. ससा खायचा थांबला की आतड्यांची हालचाल मंदावते. आत अडकलेल्या चाऱ्यातले पाणी शोषले जाते आणि तो सुकून घट्ट होतो. जिवाणूंचा तोल बिघडून वायू साठतो, पोट दुखते. पोट दुखते म्हणून ससा आणखी खात नाही. त्यातच ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे आत गेलेले बाहेर येण्याचा दुसरा मार्गच नसतो. उपाशी राहिलेल्या सशाचे शरीर साठवलेली चरबी वापरू लागते, ती यकृतात साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. लठ्ठ सशात हे लवकर घडते. म्हणून 'धष्टपुष्ट आहे, दोन दिवस नाही खाल्ले तरी चालेल' हा तर्क सशाला नेमका उलटा लागतो.

मेलेल्या सशाचे पोट फाडले की केसांचा गोळा निघतो आणि 'केस खाल्ल्याने मेला' असे सांगितले जाते. निरोगी सशाच्या पोटातही थोडे केस असतातच, कारण तो अंग चाटतो. पोट चालू असते तोवर ते लेंड्यांबरोबर निघून जातात. पोट थांबले की पाणी आटून केस आणि चारा यांचा गोळा बनतो. म्हणजे गोळा बहुतेक वेळा परिणाम असतो. तेव्हा केसांवर औषध शोधण्याआधी पोट का थांबले ते पाहावे.

एक ससा की अनेक?

विस्तार कार्यकर्त्याला फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारावा. एकाच पिंजऱ्यातला एक ससा खात नसेल तर दात, जखम, गाभण मादीचा त्रास, पोटदुखी अशी त्या जनावरापुरती कारणे शोधावीत. दोन-तीन दिवसांत अनेक सशांनी खाणे सोडले असेल तर पाणी, खाद्याची नवी गोणी, उष्णता आणि संसर्ग याच क्रमाने तपासावे. पाणी मुद्दाम पहिले लिहिले आहे.

पाणी न मिळालेला ससा आधी कोरडा चारा आणि खुराक सोडतो. दोन किलोच्या सशाला दिवसाला साधारण २०० ते ३०० मिलि पाणी लागते, उन्हाळ्यात आणि पिल्ले पाजणाऱ्या मादीला त्याहून बरेच जास्त. सांगलीच्या पूर्व भागात, जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरचे पाणी जड आहे. क्षार साचून निप्पलची गोळी अडकते. टाकी भरलेली असते, नळी ओली दिसते, आणि सशाच्या तोंडात थेंब येत नाही. रोज सकाळी प्रत्येक निप्पल बोटाने दाबून पाहायला दहा मिनिटे लागतात. उन्हात तापलेल्या काळ्या नळीतले गरम पाणीही ससा पीत नाही. घरगुती सशासाठी मातीचे जड, पालथे न होणारे भांडे निप्पलपेक्षा बरे.

त्यानंतर खाद्य. गेल्या चार दिवसांत नेमके काय बदलले हे विचारावे. बरेच जण 'काही नाही' म्हणतात. थोडे खोदून विचारले की नवी गोणी, पाहुण्यांनी दिलेली बिस्किटे, पहिल्या पावसानंतरचे कोवळे गवत किंवा गाडीभर आलेला फुकटचा कोबी निघतो. सशाच्या आतड्यातले जिवाणू ठरलेल्या खाद्याला सरावलेले असतात. एकदम बदल झाला की तोल जातो. नवा चारा किंवा खुराक सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडा-थोडा मिसळून सुरू करावा.

आपल्या भागातला चारा: कोणता चालतो, कुठे फसतो

मोठ्या सशाच्या आहाराचा बराचसा भाग वाळलेले गवत असावे आणि ते पिंजऱ्यात कायम असावे. आपल्याकडे नेमके इथेच कमी पडते. हिरवे भरपूर आणि वर खुराक असा बेत असतो, वाळलेले गवत गायींसाठी राखलेले असते.

साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण, जावळीच्या डोंगरांवर पावसाळा संपल्यावर गवत कापून पेंढ्या बांधतात. त्यातले मारवेल आणि पवन्या सशाला चांगले. कुसळी मात्र फुलोऱ्यावर आल्यानंतर कापलेली असेल तर देऊ नये. तिची कुसळे हिरड्यांत, जिभेखाली, डोळ्याच्या कोपऱ्यात घुसतात. ससा गवताकडे येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. तोंड न उघडता कारण कळत नाही. कुसळीच द्यायची असेल तर फुलोऱ्याआधी कापलेली द्यावी.

कडबा जाड असतो. नुसता टाकला तर ससा पाने ओरबाडतो आणि ताट सोडतो, तरी पाने तंतुमय असल्याने उपयोगी आहेत. उसाचे वाढे वाळवंटातल्या हिरवळीसारखे फुकट मिळते, पण त्याच्या पात्याला धार असते आणि त्यात पोषण कमी. सवय लावून, इतर चाऱ्याच्या जोडीला थोडे द्यावे. फुले जयवंतसारखे संकरित नेपियर कोवळे असताना कापून, थोडे सुकवून चालते. लसूण घास, म्हणजे आपला मेथी घास, वाढत्या पिल्लांना आणि पाजणाऱ्या मादीला उत्तम. बसून असलेल्या मोठ्या सशाला तो रोज भरपेट दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवी दाट, खडूसारखी होते आणि मूत्राशयाच्या दुखण्यानेही ससा खाणे सोडतो. दशरथ घास, हादगा, शेवरी थोड्या प्रमाणात चालतात. सुबाभळीत मायमोसिन हा घातक घटक असतो, म्हणून तिच्यावर भर ठेवू नये. कोवळे कडवळ, विशेषतः पाण्याचा ताण बसलेले, गुरांप्रमाणेच सशालाही देऊ नये.

पावसाळ्यात ओला चारा थेट पिंजऱ्यात टाकण्याची सवय महागात पडते. कापलेले गवत ढिगात तापते, आंबते. सावलीत पसरून, पाणी निथळून, कोमेजल्यावर द्यावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा-वारणाकाठ पाण्याखाली गेला, तेव्हा पूर ओसरल्यावर गाळ बसलेला चारा आणि भिजलेली खाद्याची पोती वाया जाऊ नयेत म्हणून जनावरांपुढे टाकण्याचा मोह अनेकांना झाला असेल. असा चारा सशाला अजिबात देऊ नये, उन्हात वाळवला तरी नाही.

बुरशीचा मुद्दा थोडा लांबवतो, कारण इथे नुकसान न दिसता होते. शेंगपेंड आणि मका दमट जागी राहिले की त्यावर बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ससा त्याला अतिशय संवेदनशील आहे. ज्या पेंडीने म्हशीचे दूध थोडे कमी होते, त्याच पेंडीने ससे पटापट मरू शकतात. आधी खाणे कमी, मग वजन घटते, काहींना कावीळ होते. पेंड निवडून, बुरशी झटकून किंवा वाळवून विष जात नाही. गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी फळीवर ठेवावी, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतेच खाद्य आणावे.

खुराकाला पर्याय म्हणून कोंबडीखाद्य देणे ही आणखी एक चूक. त्यात तंतू फार कमी असतात, आणि काही कोंबडीखाद्यांत मिसळलेली कॉक्सिडियाविरोधी औषधे सशाला विषारी ठरतात. गायीच्या काही तयार खाद्यांत युरिया असतो, तेही टाळावे. हौसेने पाळलेल्या सशाला खुराक वजनाच्या किलोमागे २० ते २५ ग्रॅम पुरे. भाकरी, चपाती, बिस्कीट, गूळ, भात यांतला पिष्टमय पदार्थ आंधळ्या आतड्यात नको त्या जिवाणूंना खतपाणी घालतो. गाजर हे सशाचे मुख्य अन्न आहे हा समज चित्रांतून आला. त्यात साखर असते, दोन चकत्या पुरेत.

द्राक्षपट्ट्यासाठी एक सूचना. तासगाव, मिरज, पलूस, खानापूर भागात बागेतले गवत कापून जनावरांना घालतात. फवारणी सुरू असलेल्या बागेतले गवत किंवा छाटणीचा पाला सशाला देऊ नये. शेजारच्या बागेतल्या फवाऱ्याचे तुषार बांधावरच्या गवतावर येतात, म्हणून बांधही त्यात धरावा.

भूक नाही, की खाता येत नाही?

हा फरक घरच्या घरी करता येतो. खाद्य दाखवल्यावर ससा उठून जवळ येतो, वास घेतो, तोंडात धरतो आणि टाकतो. मऊ पाला खातो, वाळलेले गवत सोडतो. हनुवटी आणि गळ्याखालचे केस लाळेने ओले असतात. ही दाताची लक्षणे. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. तंतुमय चारा चावून ते घासले जातात. चाऱ्यात तंतू कमी पडले किंवा जबडा जन्मतः वाकडा असला, तर पुढचे दात बाहेर वळतात आणि दाढांना टोके येऊन गाल, जीभ कापते. ओठ वर करून पुढचे दात आपल्याला दिसतात, दाढा मात्र डॉक्टरांनीच उपकरणाने पाहाव्या लागतात. नखे कापायच्या कटरने दात कापू नये. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. ज्या नराचे किंवा मादीचे दात जन्मतः वाकडे आहेत, त्यांच्यापासून पैदास घेऊ नये.

याउलट खाद्याकडे ढुंकूनही न पाहणारा, पाठ वाकवून, डोळे अर्धे मिटून बसलेला, दात करकर वाजवणारा ससा दुखण्यात असतो. त्याच्या लेंड्या पाहाव्यात. निरोगी लेंडी हरभऱ्याएवढी, गोल, फोडल्यावर आत गवताचे तंतू दिसणारी असते. लेंड्या लहान, वेड्यावाकड्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या होऊ लागल्या तर पोट मंदावले. मग त्या बंद होतात. लेंड्या लहान होण्याची ही अवस्था एक-दोन दिवस आधी दिसते. रोज ट्रे झाडणाऱ्या व्यक्तीला ती सर्वांत आधी कळते, आणि बहुतेक घरांत ते काम बाईमाणूस करते. तेव्हा प्रशिक्षणाला फक्त घरातल्या पुरुषांना बोलावण्यात अर्थ नाही.

उन्हाळा, दमटपणा आणि आवाज

दोन जिल्हे म्हणायला शेजारी, पण हवामान दोन टोकांचे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, तर माण-आटपाडीत सुमारे ५०० मिलिमीटर.

सशाला घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता सोडतो. ३० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे खाणे कमी होते, ३५ च्या पुढे जीव धोक्यात येतो. एप्रिल-मे महिन्यांत म्हसवड, जत भागात पारा ४० च्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या पिंजऱ्यात त्याहून अधिक. पत्र्यावर पाचट किंवा कडब्याचा थर, बाजूंना ओली गोणपाटे, आणि खाद्य पहाटे व सूर्यास्तानंतर, एवढे तरी करावे. ससा आडवा पडून भराभर श्वास घेत असेल, कान गरम व लाल असतील तर त्याला सावलीत आणून कान साध्या पाण्याने ओले करावेत. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पाटण, महाबळेश्वर, जावळीकडे अडचण वेगळी. जूनपासून शेड प्लास्टिकने बंद करतात, आत लघवीचा अमोनिया साठतो, सशांना सर्दी होते. नाक वाहते, पुढच्या पायांच्या आतले केस चिकटतात. सशाला वास आला नाही की खाण्याची इच्छा कमी होते. आपण गुडघ्यावर बसून पिंजऱ्याच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही.

भीतीनेही पोट थांबते. दिवाळीचे फटाके, यात्रेतला डीजे, रात्री पिंजऱ्याभोवती फिरलेले कुत्रे किंवा मांजर, टेम्पोतला प्रवास. अशा रात्रीनंतर सकाळी प्रत्येक सशाने खाल्ले का ते मुद्दाम पाहावे.

रोग आणि गाभण मादी

दूध तोडल्यानंतर, साधारण चार ते दहा आठवड्यांच्या पिल्लांत कॉक्सिडियाचा त्रास जास्त. पिल्ले खात नाहीत, पोट ढेरीसारखे सुटते, पाठीचा कणा हाताला लागतो, हगवण लागते. ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तपासून घ्याव्यात. जाळीचा तळ, कोरडा पिंजरा आणि लेंड्यांचा खाद्याशी संपर्क तोडणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. नाक, ओठ, कान यांवर पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज. सतत खाजणारा ससा नीट खात नाही. ही खाज माणसालाही लागू शकते. डॉक्टरांकडून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन द्यावे, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्याच वेळी रिकामा लोखंडी पिंजरा ब्लो लॅम्पने जाळून घ्यावा.

मादीचा गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा. विण्याच्या एक-दोन दिवस आधी ती अंगावरचे केस उपटून घरटे करते आणि खाणे थोडे कमी करते. हे नैसर्गिक आहे. परंतु शेवटच्या आठवड्यात लठ्ठ मादीने खाणे पूर्ण सोडले, सुस्त झाली, तर रक्तात विषारी घटक साठण्याचा विकार असतो आणि तो काही तासांत मारतो. व्याल्यानंतर मादी पिल्लांना जवळ येऊ देत नसेल तर आधी सड पाहावेत. दगडी झालेली असेल तर सड गरम, निळसर-लाल लागतात.

पहिले बारा तास

ससा हातात घेताना कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय मोकळे राहिले आणि त्याने लाथ झाडली तर पाठीचा कणा मोडतो. टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेणे उत्तम.

साध्या डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप पाहावा. १०१ ते १०३ अंश फॅरनहाइट नेहमीचा. १०० च्या खाली असेल तर ती ताप असण्यापेक्षा वाईट खूण आहे. कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पोट हलक्या हाताने चाचपावे. ते मऊ असेल तर एका अर्थाने वेळ आहे. ढोलकीसारखे ताठ फुगले असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही.

पोट मऊ असेल तर खुराक आणि हिरवे काढून घ्यावे, समोर चांगले वाळलेले गवत आणि ताजे पाणी ठेवावे, ससा शांत जागी ठेवावा. डॉक्टरांनी आतडे अडलेले नाही असे सांगितल्यानंतर गोळी खाद्य पाण्यात भिजवून, पातळ करून, सुई काढलेल्या सिरिंजने द्यावे. सिरिंज पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घालावी आणि एका वेळी मिलिभर, गिळू देत. किलोमागे १० ते १५ मिलि, दिवसातून तीन-चार वेळा. घाई केली तर खाद्य श्वासनलिकेत जाते.

पोटासाठी म्हणून गोडेतेल, सोडा, गायीची पाचक पावडर पाजू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे: घरात शिल्लक असलेले अँटिबायोटिक देऊ नये. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधे तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा दोन-चार दिवसांत हगवणीने मरतो. लहान मुलांच्या तापातले गुलाबी सिरप, शेळीची उरलेली पावडर, दोन्ही यातच येतात. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने माणसाचे औषध सशाला देऊ नये. कुत्र्याच्या गोचिडांसाठी वापरतात ते फिप्रोनिलही सशाला घातक आहे.

ग्रामीण दवाखान्यातील डॉक्टरांचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत जातो, ससा क्वचित येतो. म्हणून माहिती तयार ठेवून जावे: शेवटचे कधी खाल्ले, शेवटची लेंडी कधी पडली, वजन, ताप, गेल्या आठवड्यात बदललेले खाद्य, आधी दिलेले कोणतेही औषध. लेंड्या आणि खाद्याची मूठ सोबत न्यावी. सामान्यतः डॉक्टर कातडीखाली सलाईन, वेदनाशामक आणि पोट चालू करणारे औषध देतात. वेदनाशामक आवर्जून विचारावे, कारण वेदना थांबल्याशिवाय ससा खात नाही. दात घासण्यासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी न्यायचे झाले तर आदल्या रात्री उपाशी ठेवू नये. कुत्र्यासाठीचा नियम इथे नाही, ससा उलटी करतच नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. साताऱ्याच्या उत्तरेला असाल तर शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय जवळ पडते.

कळपात मरतूक झाली तर मेलेला ससा लगेच पुरू नये. पिशवीत घालून बर्फावर ठेवावा, गोठवू नये, आणि त्याच दिवशी शवविच्छेदनासाठी न्यावा. एका सशाच्या तपासणीतून उरलेल्या चाळीसांचे निदान होते. नंतर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्रत्येक मोठ्या सशाचे वजन घेऊन पिंजऱ्याच्या पाटीवर लिहावे. अडीच किलोच्या सशाचे पाव किलो कमी झाले तर तो खातो आहे असे दिसले तरी नीट खात नाही. दाढांचे दुखणे असेच सापडते.

उसाच्या फडातले पिल्लू

ऊसतोडीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते मार्च, फडात रानसशाची पिल्ले सापडतात आणि मुले घरी आणतात. दूध पाजले जाते, पिल्लू खात नाही आणि दोन-तीन दिवसांत मरते. हा आपला रानातला काळ्या मानेचा ससा आहे. पिंजऱ्यातला पाळीव ससा युरोपातल्या, स्पेन-पोर्तुगालकडच्या वेगळ्या जातीपासून आलेला आहे. दोघांचा संकर होत नाही. रानससा बंदिस्त जागेत घाबरून खाणे सोडतो आणि गायीचे दूध त्याला पचत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. रानसशाची मादी दिवसभर पिल्लांजवळ बसत नाही, अंधार पडल्यावर येऊन पाजते. त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू टाकून दिलेले नसते. ते उचललेल्या जागेच्या जवळच, न तोडलेल्या सरीच्या कडेला किंवा बांधावरच्या गवतात ठेवावे आणि कुत्री दूर ठेवावीत. जखमी असेल तर वन विभागाला १९२६ वर कळवावे.